दार नसलेल्या गावाच्या जिल्ह्यात

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात. चौकट असते, तिच्यावर पडदा असतो, भटकी कुत्री आत शिरू नयेत म्हणून कुठं एखादी फळी आडवी टेकवलेली असते. कडी, कोयंडा, कुलूप मात्र नाही. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही, ही गावाची श्रद्धा. युको बँकेनं जानेवारी २०११मध्ये इथं शाखा काढली, तेव्हा तीसुद्धा बिनकुलपाची शाखा म्हणून देशभर गाजली.

याच तालुक्यात, शिंगणापूरपासून काही किलोमीटरांवर सोनई आहे. १ जानेवारी २०१३ रोजी सोनईजवळच्या एका वस्तीवर तीन दलित तरुणांना संडासाची टाकी साफ करण्याच्या निमित्तानं बोलावून घेतलं गेलं आणि ठार मारलं गेलं. त्यांच्यातल्या एकाचं सवर्ण घरातल्या मुलीवर प्रेम होतं.

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे लोकांच्या तोंडचा नगर जिल्हा, क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. १७ हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके, २०११च्या जनगणनेत सुमारे ४५ लाख माणसं. त्यांतली पाचातली चार खेड्यापाड्यांत राहणारी. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावरचा ऊस आणि साखर कारखाने, दक्षिणेला पाथर्डी-शेवगाव-जामखेड-कर्जतचा कोरडा पट्टा, पश्चिमेला अकोले तालुक्यातले डोंगर. एवढा मुलूख सुरक्षित आहे का, या प्रश्नाला दक्षिणेतल्या एका गावात, एकाच घरात, दोन उत्तरं आहेत.

घरातले थोरले, अण्णा, शिपाई म्हणून पोलिसात भरती झाले आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. त्यांची पुतणी नगरच्या कोर्टात वकिली करते. विहिरींवरच्या मोटारी आणि शेळ्या चोरीला जाऊ लागल्या, तसा गावात सुरक्षेचा विषय ग्रामसभेत घ्यायचं ठरलं. ठरावाचा मसुदा लिहायचं काम सरपंचांनी या दोघांवर टाकलं. पहिल्याच ओळीवर दोघं अडली. अण्णांनी लिहिलं होतं, ‘आपला परिसर मुळात शांत व सुरक्षित असून...’

‘अण्णा, हा “मुळात” शब्द काढा,’ पुतणी म्हणाली.

‘का गं? खोटं आहे का ते?’ अण्णांनी चष्मा वर सरकवला. ‘चार तालुक्यांत नोकरी केलीय मी. रात्री अकराला एखादी म्हातारी एसटीतून फाट्यावर उतरली, तर तिला घरापर्यंत सोडायला कोणीतरी निघतोच. शहरात जिन्यात पडली तर शेजारी दार उघडत नाही. आपल्याकडं कोण कोणाचा कोण, हे सगळ्यांना ठाऊक. अनोळखी मोटारसायकल दोनदा फिरली की तिसऱ्यांदा तिला थांबवून विचारतात. ही सुरक्षा नाही तर काय आहे?’

अण्णांचं दुसरं म्हणणं असं, की माणसं ज्याला घाबरतात ते आणि ज्यानं मरतात ते यांचा मेळ बसत नाही. त्यांच्याकडं आकडे होते. २०२२मध्ये महाराष्ट्रात खुनाचे २,२९५ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी राज्यातल्या रस्त्यांवर १५,२२४ माणसं अपघातांत गेली. देशभरात त्या वर्षी रस्त्यावर गेलेल्यांपैकी दोनतृतीयांशाहून अधिक ग्रामीण भागातली होती.

‘दरोडा पडला की महिनाभर गाव जागतं,’ अण्णा म्हणाले. ‘आणि गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर अंधारातून चालतात. मागं दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. कर्ज काढून मोटारसायकल घेतलेलं पोरगं सरळ मागून आत घुसतं. असे किती पंचनामे केले असतील! त्या पोराच्या आईला सांग, की आपला जिल्हा दरोडेखोरांमुळं असुरक्षित आहे. सुरक्षेचा पहिला पैसा रेडियमवर खर्च करा, कॅमेऱ्यावर नंतर.’

रेडियमचं कलम पुतणीनं तिथल्या तिथं लिहून घेतलं. पण शांत परिसराची ओळ तिला मान्य नव्हती.

‘कमी गुन्हे म्हणजे कमी नोंदलेले गुन्हे, अण्णा. तुम्हाला हे मी सांगायला नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत एका फिर्यादीतला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजला जातो. घरात घुसून मारहाण केली, विनयभंग केला आणि शेवटी खून केला, तर हिशेबात एक खून धरतात, बाकीचं त्याच्या पोटात जातं. हे झालं ठाण्यापर्यंत पोचलेल्यांचं. जे पोचतच नाहीत त्यांचं काय?’

तिनं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी काढली. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या या पाहणीत देशभर घरोघरी जाऊन बायकांना एकांतात विचारलं गेलं. लग्न झालेल्या ग्रामीण स्त्रियांपैकी ३१.६ टक्के जणींनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसल्याचं सांगितलं. शहरांत हे प्रमाण २४.२ टक्के होतं. आणि शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के बायकांनी मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं.

‘कोणालाही म्हणजे आईलासुद्धा नाही,’ ती म्हणाली. ‘पोलीस ठाणं तर लांबच. तुम्ही म्हणता, कोण कोणाचा कोण हे सगळ्यांना ठाऊक. तेच तर अडतं ना! ठाण्यात गेलेल्या बाईचं नाव ती परत यायच्या आत गावात आलेलं असतं. ओळखीचं गाव चोराला अवघड जातं हे खरं. तेच गाव तक्रार करणारीला त्याहून अवघड जातं.’

अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी ठाण्याची रीत सांगितली. फिर्याद घेऊन कोणी आलं, की पहिला प्रयत्न ते प्रकरण एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर भागवायचा. मारहाणीची एनसी, धमकीची एनसी, बांध कोरल्याची एनसी. गुन्हा दाखल केला तर तपास आला, कागद आले, कोर्ट आलं. शिवाय दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत साहेब विचारणार, तुमच्याच ठाण्याचा आलेख वर का गेला?

‘म्हणजे जो अधिकारी प्रामाणिकपणे लिहून घेतो, त्याच्याच हद्दीत गुन्हे वाढलेले दिसतात,’ अण्णा म्हणाले. ‘आणि जो वाटेला लावतो, त्याची हद्द शांत. हे मी मान्य करतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवलंय, दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की फिर्याद घ्यायलाच हवी. आता नव्या कायद्यात हद्दीबाहेरच्या ठाण्यातही फिर्याद देता येते. पण लोकांना हे माहीत नाही, आणि ठाण्यात कोणी आपणहून सांगत नाही.’

पहिली ओळ खोडली गेली. तिच्या जागी दोघांना चालेल अशी ओळ यायला मात्र वेळ लागला, कारण मध्येच चोरांचा विषय निघाला.

नगर जिल्ह्यातली खेडी ज्या चोऱ्यांना कावलेली आहेत, त्यांची यादी शहरी माणसाला चटकन लक्षात येणार नाही. विहिरीवरची पाणबुडी मोटार जाते, शेतातली केबल कापून तांबं काढलं जातं, रोहित्र फोडून त्यातलं तेल आणि तारा नेल्या जातात. ऐन उन्हाळ्यात मोटार गेली तर हातचं पीक जातं. चोरीची किंमत फिर्यादीत पंधरा-वीस हजार लिहिली, तरी शेतकऱ्याचं नुकसान त्याच्या कैकपट असतं. रात्री पिकअप लावून शेळ्या उचलल्या जातात. लग्नाला निघालेल्या बाईच्या गळ्यातलं गंठण मोटारसायकलवरून ओढलं जातं. नदीकाठच्या गावांना वाळूतस्करांची दहशत असते. रात्री डंपर अडवायला गेलेल्या तलाठ्याच्या अंगावर वाहन घालण्यापर्यंत मजल जाते. आणि श्रीगोंदे-नगर पट्ट्यात स्वस्तात सोनं देतो म्हणून परजिल्ह्यातल्या माणसाला बोलावून, आडरानात गाठून लुटण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. बोलीत त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात.

अण्णांचा उपाय सरळ होता. ग्राम सुरक्षा दल उभं करायचं, पाळीपाळीनं गस्त घालायची, वेशीवर कॅमेरा बसवायचा. एका फोनवर साऱ्या गावाच्या मोबाइलवर एकाच वेळी निरोप पोचवणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा जिल्ह्यातल्या अनेक गावांनी घेतली आहे, ती आपणही घ्यायची. बिबट्या दिसला, आग लागली, मूल हरवलं, तरी तीच कामाला येते. ‘आणि गावात मुक्कामाला येणाऱ्या परक्या माणसांची नोंद पोलीस पाटलाकडं करायची,’ त्यांनी जोडलं. ‘पालं टाकून राहणारे, फेरीवाले, भंगारवाले, सगळ्यांची.’

पुतणीनं पेन खाली ठेवलं. ‘हे लिहिणार नाही मी.’

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं काय झालं, ते तिनं सांगितलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले होते, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. ‘परका दिसला की विचारा, इथून सुरुवात झाली अण्णा. ज्या पाच घरांतले कर्ते गेले, त्या घरांसाठी सुरक्षा म्हणजे काय? त्या दिवशी त्या गावातला सर्वांत असुरक्षित माणूस परगावचा होता, आणि त्याला धोका गावकऱ्यांचाच होता.’

पारध्यांबद्दल ती आणखी कडक बोलली. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा गेला आणि ऑगस्ट १९५२मध्ये या जमाती विमुक्त झाल्या. पण कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर आजही कुठं चोरी झाली, की पहिली जीप पारध्यांच्या वस्तीवर जाते. शाळेत पोराचा दाखला नाही, नावावर जमीन नाही, रेशनकार्डाला पत्ता नाही, आणि ठाण्यात नाव मात्र कायमचं. ‘तुमच्या नोंदवहीत पहिलं पान त्यांच्याच नावानं भरेल,’ ती म्हणाली.

‘ठाण्यात तशी रीत होती, हे कबूल,’ अण्णा म्हणाले. ‘पण नोंद नसली की काय होतं, तेही ऐक. चोरी झाली, कोणाचीच माहिती नाही, की गाव अंदाजानं माणूस धरतं. नोंद असली तर पोलीस पाटील ठामपणे सांगू शकतो, ही माणसं कालपासून इथं आहेत, यांचे आधार मी बघितलेत, यांना हात लावू नका. राईनपाड्यात कोणी तरी असं सांगणारा पाहिजे होता. नोंद त्यांना वाचवूही शकते.’

मुद्दा तोलाचा होता. पुतणीला तो पटला नाही, पण खोडताही आला नाही. कलमापुढं प्रश्नचिन्ह टाकून दोघं पुढं गेली.

यानंतरचा विषय दोघांनाही टाळता येत नव्हता. नगर जिल्ह्यात सुरक्षेबद्दल बोलणारा कोणीही खर्डा आणि कोपर्डीपाशी येतोच.

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला मारहाण करून ठार मारण्यात आलं. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढाच त्याच्यावरचा संशय. कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत १३ जुलै २०१६ रोजी मराठा समाजातल्या एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यातून मराठा समाजाचे लाखोंचे मूक मोर्चे राज्यभर निघाले. आरोपी दलित असल्यानं त्या मोर्चांत अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणीही आली आणि अनेक गावांत दलित वस्त्या धास्तावून राहिल्या. दोन्ही खटले नगरच्याच सत्र न्यायालयात चालले आणि दोन्हींचे निकाल एकाच महिन्यात, नोव्हेंबर २०१७मध्ये लागले. कोपर्डीत तिघांना फाशीची शिक्षा झाली. खर्ड्यात साक्षीदार फितूर झाले आणि सगळे आरोपी सुटले.

‘एकच कोर्ट, एकच महिना,’ पुतणी म्हणाली. ‘एका लेकराला न्याय मिळाला, याचं समाधान मला आहे, ते कोणी काढून घेऊ नये. पण दुसऱ्या लेकराला कोणी मारलंच नाही, असा कागद तयार झाला. तुमच्या आकडेवारीत दोन्ही ठिकाणी एक-एक खून. सुरक्षित कोण, हे आकड्यावरून कसं कळणार?’

अण्णांनी कोपर्डीची बाजू मांडली. तिथं तपास वेगानं झाला, नामांकित सरकारी वकील दिला गेला, गाव साक्षीला उभं राहिलं, आणि सारं राज्य बघत होतं. यंत्रणा मनावर घेते तेव्हा न्याय होतो, याचा तो पुरावा आहे, असं त्यांना वाटतं. खर्ड्याबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज बदलला.

‘साक्षीदार का फिरतो, हे कोर्टात बसून कळत नाही. त्याची विहीर सामायिक असते. त्याच्या शेताला जायचा रस्ता ज्याच्या विरुद्ध बोलायचं त्याच्याच वावरातून जातो. त्याचं दूध ज्या डेअरीला जातं तिचा चेअरमन कोण? त्याच्या उसाला तोड कोण देणार? सोसायटीचं कर्ज नवं-जुनं कोण करून देणार? त्याला कोणी चाकू दाखवावा लागत नाही. ऊस महिनाभर उशिरा तुटला की त्याचं वर्ष गेलं. धमकी न देता माणूस गप्प होतो, आणि धमकीच नाही म्हटल्यावर गुन्हा तरी कसला नोंदवणार?’

त्या संध्याकाळच्या साऱ्या बोलण्यात हे सर्वांत महत्त्वाचं होतं, आणि ते पोलिसात जन्म घालवलेल्या माणसाकडून आलं. शहरातल्या साक्षीदाराला घर बदलता येतं. शेतकऱ्याला जमीन बदलता येत नाही. गावात पाणी, रस्ता, पत आणि बाजार ज्यांच्या हातात असतो, त्यांच्या विरोधातला गुन्हा शाबीत होणं सर्वांत अवघड. म्हणून ग्रामीण जिल्ह्यात कोणाला किती संरक्षण आहे, याचं उत्तर पोलीस ठाण्याच्या फलकाइतकंच कारखान्याच्या तोडणी-यादीत आणि सोसायटीच्या खातेवहीतही शोधावं लागतं.

पुतणीनं सोनईचा दाखला दिला. तो खटला नगर जिल्ह्याबाहेर, नाशिकला हलवला गेला. जानेवारी २०१८मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना दोषी धरून फाशी सुनावली. ‘खटला हलला, साक्षीदारांवरची सावली हलली,’ ती म्हणाली. साक्षीदार संरक्षणाचा कायदा महाराष्ट्रानं २०१७मध्ये केला. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८मध्ये देशभरासाठी संरक्षण योजना मान्य केली. ‘पण आपल्या तालुक्यात कोणा साक्षीदाराला विचारा, संरक्षण मागायचा अर्ज कुठं करायचा? सांगता येणार नाही. बंदूकधारी शिपाई चार दिवस दारात बसवणं म्हणजे संरक्षण नव्हे. त्याचा ऊस वेळेवर तुटेल, ही हमी कोण देतं?’

‘कायद्यात ते बसत नाही.’

‘म्हणून ठरावात बसवू.’

रात्री जेवणानंतर पुन्हा कागद निघाला, तो अण्णांच्या आवडत्या विषयावर. गाव पोलिसांनी सुधारत नाही, पाण्यानं आणि कामानं सुधारतं, असं ते मानतात. दाखला जवळचाच आहे. हिवरे बाजार हे गाव १९८०च्या दशकात भांडणं, दारू आणि दुष्काळ यांसाठी बदनाम होतं. सरकारी नोकरांना तिथली बदली शिक्षा वाटायची. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर डोंगरावर समतल चर खणले गेले, बांधबंदिस्ती झाली, दारूचे गुत्ते बंद झाले, जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर ग्रामसभेनं बंधन घातलं. पाणी वाढलं, दूध वाढलं, बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. त्याआधी पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी दारूबंदी आणि पाणलोटाची सांगड घातली होती. ‘रिकामा हात आणि भरलेला गुत्ता, निम्म्या मारामाऱ्या यातून होतात,’ अण्णा पुतणीला म्हणाले. ‘त्या गावांनी दोन्ही मिटवलं.’

याच विचारातून त्यांना तंटामुक्तीची मोहीम जवळची वाटते. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांध, वाटणी, पाण्याची पाळी, भाऊबंदकी, अशी वर्षानुवर्षं कोर्टात कुजणारी भांडणं गावातच मिटू लागली. गावच्या तंटामुक्त समितीत बसून अण्णांनी सख्ख्या भावांना पुन्हा एका ताटात जेवताना पाहिलं आहे.

बांधाच्या भांडणाबद्दल पुतणीची तक्रार नाही. ‘पण दोन सारखी माणसं भांडली तर तडजोड होते. वरचढ आणि दुबळ्या माणसांत तडजोड झाली, की दुबळा गप्प बसतो आणि त्याला तंटा मिटला म्हणतात. सुनेला मारलं, मिटवा. पोरीची छेड काढली, दोघांच्या घरची अब्रू जाईल, मिटवा. दलित वस्तीतल्या पोराला मारलं, पोरं आहेत, मिटवा. लहान मुलावरच्या अत्याचाराची खबर पोलिसांना देणं पोक्सो कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न देणाऱ्याला शिक्षा आहे. तिथं समिती बसवणं हाच गुन्हा.’

अण्णांनी मान डोलावली. कोणत्या तंट्याला समितीनं हात लावायचा नाही, याची यादी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली: स्त्रियांवरची आणि मुलांवरची हिंसा, जातीवरून झालेला छळ, आणि जिथं तक्रारदार आरोपीच्या शेतात मजुरीला आहे असं कोणतंही प्रकरण. तिसरी अट त्यांची होती. पुतणीला ती सुचली नव्हती.

मुलींच्या लग्नांचा विषय आला, तेव्हा दोघांच्या बोलण्यातली धार गेली. पाथर्डी-शेवगावकडून हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. वयात आलेल्या मुलीला एकटं कुठं ठेवायचं, या धास्तीपोटी तिचं लग्न उरकलं जातं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. गुन्ह्याच्या भीतीनं घरच एक गुन्हा करतं, आणि तो मांडवात, वाजतगाजत होतो. त्या मुलीची शाळा सुटते, सोळाव्या-सतराव्या वर्षी बाळंतपण येतं, पुढच्या हंगामात तीही कोयता घेऊन फडात उभी राहते.

‘आईबापाला दोष देऊ नकोस,’ अण्णा म्हणाले. ‘त्यांची भीती खरी आहे.’

‘दोष देतच नाही. भीती खरी आहे, म्हणून तर हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं पाहिजे. टोळ्या निघून गेल्यावर महिन्यानं नव्हे. आणि संध्याकाळची एसटी शाळा सुटायच्या वेळेला हवी. मोफत पास आहे, पण गाडीच नसेल तर पास घेऊन पोरगी चार किलोमीटर उसाच्या कडेनं चालत येणार.’

कॅमेऱ्याच्या खर्चातून निम्मी रक्कम वस्तीच्या रस्त्यावरच्या दिव्यांकडं वळवावी, हे इथं ठरलं. वेशीवर एक कॅमेरा राहिला. त्याचं चित्रण कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार, हे ठरावातच लिहायचं, अशी पुतणीची अट अण्णांनी घासाघीस न करता घेतली.

शेवटी अण्णांनीच शिंगणापूरचा विषय काढला. दारं नसलेल्या त्या गावातही २०१०मध्ये एका भाविकानं गाडीतून रोकड आणि ऐवज गेल्याची तक्रार केली होती. २०१५मध्ये तिथं पोलीस ठाणं झालं. आणि २०२५मध्ये देवस्थानाच्या नावानं बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे लाटल्याच्या तक्रारी विधानसभेपर्यंत पोचल्या, सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. आता चोराला उंबरा ओलांडावा लागत नाही. पेन्शनर म्हातारा केवायसीच्या फोनला फसतो, तरुण पोरगं कर्जाच्या अ‍ॅपला. म्हणून ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ एवढ्यावर न थांबता, पैसे गेल्या गेल्या १९३० या क्रमांकावर फोन करायचा, हे डेअरीच्या आणि रेशनच्या दुकानावर मोठ्या अक्षरात लिहायचं ठरलं. त्याखाली ११२, मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१.

मध्यरात्रीपर्यंत मसुद्यात आठ कलमं झाली. ट्रॉल्यांना रेडियम लावल्याशिवाय गावातला ऊस भरायचा नाही. वस्तीच्या रस्त्यावर दिवे, वेशीवर एक कॅमेरा आणि त्याच्या चित्रणाचे नियम. एसटीच्या वेळेसाठी आगार व्यवस्थापकांना अर्ज. हंगामी वसतिगृह दिवाळीआधी सुरू करण्याची मागणी. तंटामुक्त समितीसाठी निषिद्ध प्रकरणांची यादी. फिर्याद द्यायला जाणाऱ्या कोणालाही हवं असल्यास सोबत जाणारी चार माणसं, त्यांत दोन बायका आणि एक दलित वस्तीतला. साक्ष देणाऱ्याचं पाणी, रस्ता, दूध आणि तोड कोणी अडवली, तर ग्रामपंचायतीनं स्वतः तहसीलदार आणि पोलीस अधीक्षकांकडं लेखी तक्रार करायची. या सात कलमांवर दोघं एक झाली.

आठव्या, परक्यांच्या नोंदीच्या कलमावर झाली नाहीत. अण्णांनी आपला पर्याय लिहिला: नोंद व्हावी, पण ती सगळ्या मुक्कामी माणसांची, त्यांत हार्वेस्टरचे चालक, बांधकामावरचे मिस्त्री आणि पाहुणेही आले. पुतणीनं खाली दुसरा पर्याय लिहिला: कोणाचीही नोंद करू नये, पालांवर राहणाऱ्यांना आधी पाणी आणि मुलांना शाळा द्यावी. दोन्ही पर्याय तसेच ग्रामसभेपुढं ठेवायचं ठरलं.

पहिली ओळ मात्र रिकामीच होती. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, असा पंचायतीचा नियम आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवरच्या सह्यांत उरकली जाते. ती खरोखर भरवायची, दलित वस्तीत आणि माळावरच्या पालांवरही मसुदा वाचून दाखवायचा, आणि आपलं गाव सुरक्षित आहे की नाही हे त्या माणसांनी जसं सांगितलं तसं पहिल्या ओळीत लिहायचं, असं अण्णांनी सुचवलं. पुतणीनं त्यासाठी कागदावर वर चार ओळींची जागा सोडली.